लिंबाई, परब आणि चिनी ग्रंथ

तीन माणसं एका ग्रंथाचं भाषांतर करायला बसली की ग्रंथ मागे राहतो आणि किस्सेच साठत जातात. आमचे तर पानांपेक्षा जास्त झाले. त्यातले हसण्यासारखे थोडे, तरी सांगतो.

आम्ही कारापूरला परबांच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसायचो. परब मूळचे बांद्याकडचे. सगळी नोकरी खाणीच्या स्टोअरमध्ये गेली आणि निवृत्तीआधीच कंपवाताने गाठलं. तोल सांभाळायला ताई-ची हा संथ चिनी व्यायाम बरा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ते मोरजीला लिंबाईकडे जाऊ लागले. ती समुद्रापलीकडच्या पेनांगची, चिनी. आडनाव लिम, गावाने तिची लिंबाई केली. ताई-चीवरचे जुने चिनी ग्रंथ तिला तोंडपाठ. शिकवताना ती त्यातलं इंग्रजीत सांगायची आणि परबांना इंग्रजी कळायचं नाही.

मी धारगळचा, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेला. परब मला म्हणाले, "मास्तर, आंग तर ऐकणा नाय. निदान डोक्याक तरी कळांदे."

झालं, लागलो कामाला.

*

पहिल्याच बैठकीत बिनसलं. लिंबाई परबांच्या खांद्यावर हात ठेवून सारखी म्हणत होती, "सोंग, सोंग." परबांचा चेहरा उतरला. हात थरथरायला लागला तेव्हा खाणीवरच्या मॅनेजरने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, काम चुकवायला सोंग करतो.

"तो म्हणालो, आता हीपण म्हणता," परब म्हणाले.

मी विचारलं तेव्हा उलगडा झाला. चिनी शब्दच तो. त्याच्या अक्षरात वरच्या बाजूला केस असतात. लिंबाईने आपला अंबाडा सोडला, केस पाठीवर मोकळे केले आणि म्हणाली, एवढंच.

मी 'ढिलाई' लिहिलं. परबांनी ते खोडायला लावलं. त्यांना खाणीवर मिळालेल्या मेमोत तोच शब्द होता! शेवटी 'सैल'वर तिघांचं जमलं.

*

ग्रंथ म्हणतो, चालताना एक पाय भरलेला असावा, एक रिकामा; म्हणजे भार एका वेळी एकावरच. परबांनी हे फार मनावर घेतलं. एकदा साखळी गावाला जाणाऱ्या रस्त्यावर, बरोबर मधोमध, त्यांचे पाय थिजले. या आजारात तसं होतं. मागे खनिजाचा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. त्याने हॉर्न दिला नाही, खाली उतरला आणि विचारलं, काय पुटपुटताय.

"रिकामो पाय खयचो, ता बघतंय."

ड्रायव्हर म्हणाला, "परबानू, दोनय पाय तुमचेच. खयचोय उचला."

आणि हाताला धरून त्याने त्यांना पलीकडे नेलं. हे परबच हसत हसत सांगायचे. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेवढ्यात आत निघून जायच्या.

*

'ची', म्हणजे अंगात वाहणारी शक्ती, या शब्दावर आम्ही कित्येक दिवस अडलो. म्हापशाचे एक योगशिक्षक मुद्दाम येऊन 'प्राण'च लिहा म्हणून बसले. मलाही पटत आलं होतं. परब म्हणाले, "प्राण नको. प्राण म्हटला काय मानूस जावचीच वाट बघता."

योगशिक्षक चहा न घेता गेले. आम्ही 'ची'च ठेवलं.

*

त्या दिवसांत पेपरात रोज चिनी सीमेवरच्या बातम्या. लिंबाईकडे चिनी कागद आहेत, असं कुणीतरी कळवलं. दोन पोलीस आले. तिने मला बोलावून घेतलं. थोरला म्हणाला, यात काय लिहिलंय ते वाचा.

मी भाषांतराचं वरचं पान उचललं आणि वाचलं. शत्रू पुढे आला तर त्याला अडवू नये, आत येऊ द्यावं.

धाकट्याने विचारलं, "आत म्हणजे कुठपर्यंत?"

कागद घेऊन गेले, काही दिवसांनी परत दिले. पुढे काही झालं नाही. पण घरमालक घाबरला आणि त्याने तिला खोली सोडायला सांगितली. सुमनवहिनींनी परबांना विचारलंसुद्धा नाही, मागची खोली झाडून ठेवली. लिंबाई एक बॅग आणि ग्रंथ घेऊन कारापूरला राहायला आली.

*

पुढच्या पावसाळ्यात परबांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात वहिनी त्यांच्या उशाशीच. गाढ झोपेत त्यांचा हात थरथरायचा थांबे. थांबला की वहिनी त्यांना हलवून जागं करत. नर्स रागावली, त्यांना झोपू द्या म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "हात हलता तवसर हे आसत."

लिंबाईने माझ्याकडे पाहिलं. मी तिला इंग्रजीत सांगितलं, हात हलतोय तोवर हे आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी परबांचा हात धरून खुर्चीतच पेंगल्या. परब झोपले होते, हात शांत होता. वहिनी दचकून डोळे उघडत, पुन्हा मिटत. लिंबाई खाटेच्या कडेला बसली. परबांच्या कोपराखाली तिने बोटं सरकवली आणि तो हात हलकेच थरथरवू लागली. वहिनींच्या कपाळावरची आठी गेली, मान कलली. कित्येक दिवसांनी त्या झोपल्या.

बऱ्याच वेळाने लिंबाईने मला नजरेने खूण केली. मी परबांच्या छातीकडे पाहिलं. ती हलत नव्हती. नर्सला बोलवायला उठलो, तर लिंबाईने मोकळ्या हाताने मला खाली बसवलं.

वहिनी आपणहून जाग्या होईपर्यंत तिची बोटं थांबली नाहीत.