अप्पांचा डावा पाय

माझ्या वडिलांचा डावा पाय मी पहिल्यांदा पाहिला, तो ते गेल्यावर.

आज वर्ष झालं. डोक्यातला गोंधळ काही कमी होत नाही, म्हणून लिहितेय.

अप्पा सैन्यात सुभेदार होते. मी लहान असताना त्यांचा पाय सुरुंगावर पडला. गुडघ्याखालचा गेला. रिटायर होऊन ते आमच्या कुंभकोणमच्या घरी आले.

घरात हा विषय बंद.

कृत्रिम पायावर कायम फुल पँट. "दुखतं का?" विचारलं की म्हणायचे, "कॉफी झाली का बघ."

साठी उलटल्यावर जुन्या युनिटमधून फोन आला. लष्करी हॉस्पिटलात पाय गेलेले तरुण जवान आहेत, कुणाशी बोलत नाहीत. याल का?

अप्पा दुसऱ्याच दिवशी निघाले. मग वरचेवर जायला लागले.

"तिथे काय करता?"

"चालायला शिकवतो."

बस्स. एवढंच.

हार्ट अटॅकने गेले. शेवटची अंघोळ घालताना अम्मा सगळ्यांकडे बघत आमच्या इकडच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, "पाय राहूं द्यावा कीं काढावा?"

भटजींनी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे. मी एकुलती एक मुलगी, मलाही ठाऊक नाही.

तेवढ्यात सेल्वम आला. जवळच्याच तिरुविडैमरुदूरचा जवान, अप्पांनी पुन्हा उभा केलेला. त्याचाही एक पाय कृत्रिम.

तो कसाबसा खाली बसला. "अक्का, इथे धरा," तमिळमध्ये म्हणाला, आणि पट्टे सोडायला लागला.

अप्पांचा तो अर्धा पाय माझ्या हातात. किती लहान होता.

"पहिल्या दिवशी मी साहेबांवर जेवणाचं ताट फेकलं होतं," सेल्वम सांगत होता. "त्यांनी स्वतःचा पाय काढून माझ्या पलंगावर ठेवला. म्हणाले, घरी गेलास की आधी पोरीला दाखव. मी माझ्या मुलीपासून लपवला. आता ती विचारतही नाही."

अंघोळ झाल्यावर त्यानेच पाय पुन्हा नीट चढवला.

परक्या पोरांना सांगता आलं, मग मला का नाही? मी तर घरातच होते ना?

सेल्वमच्या मुलीने त्याच्या पायावर फुलपाखरांचे स्टिकर चिकटवलेत. मागच्या महिन्यात पाहिले, आणि रडू आलं. अभिमानाचं की हेव्याचं, देव जाणे.

अप्पा, तुमच्यावर रागावू की तुम्हाला सॅल्यूट करू, अजून ठरत नाहीये.

तोवर हा वाकून नमस्कार.