उठता येऊ नये म्हणून

बसमधले फुकटे प्रवासी नुसत्या चेहऱ्यावरून हेरणारा तपासनीस निवृत्तीनंतर स्वतःच विनातिकीट बसू लागला, तो वस्तीच्या सभागृहातल्या व्यायामवर्गात. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांचा हा वर्ग. टाचा उचलायच्या, खांदे फिरवायचे, कापडी चेंडू शेजाऱ्याकडे टाकायचा. सगळे खुर्चीत बसूनच. खुर्च्या मोजक्या आणि ताटकळणारे पुष्कळ, म्हणून समितीने नियम केला होता: हाताच्या आधाराशिवाय जो उठेल त्याला स्वावलंबी घोषित करावे, टाळ्या वाजवाव्यात आणि घरी धाडावे. परिणामी त्या वर्गात कोणीही कधी बरे झाले नाही. बरे होणे हाच गुन्हा ठरवला की माणसे दुखण्याशी एकनिष्ठ राहतात, एवढे साधे सत्य समितीतल्या सुशिक्षितांच्या ध्यानी आले नव्हते.

तपासनीसाचे गुडघे केव्हाच सुटले होते. घरी तो तडक उठून खिडकीपर्यंत जाई. सभागृहाच्या दाराशी मात्र काठीवर असा रेलत असे, की काठीलाच दया यावी. घरी त्याच्याशी होणारे संभाषण जेवण आणि पंखा या दोन विषयांत आटपे. वर्गात शेजारच्या खुर्चीवरची निवृत्त परिचारिका त्याच्याशी रोज मनापासून भांडे. त्या भांडणावर त्याचा दिवस निघे.

"आज कुठला पाय? काल उजवा दुखत होता," ती चेंडू टाकता टाकता विचारी.

"उजव्याची बदली झाली," तो गंभीरपणे सांगे.

पुढे समितीला प्रगती दाखवण्याची हुक्की आली. सर्वांची चाचणी कुटुंबीयांसमोर होणार असे ठरले, आणि तपासनीसाची पंचाईत झाली. सून त्याला घरात चालताना रोज पाहत होती, आणि ती खोटे बोलणाऱ्यांतली नाही अशी त्याची दुर्दैवी समजूत होती.

त्याची पाळी आली. हात छातीशी बांधून तो अर्धवट उठला, कण्हला आणि धपकन बसला. व्यायाम घेणाऱ्या ताईंना ते कण्हणे जरा लवकर आल्यासारखे वाटले. घरी कसे उठतात, असे त्यांनी सरळ सुनेलाच विचारले.

सुनेने सासऱ्याकडे एकदा नीट पाहून घेतले.

"कसले उठताहेत, ताई? दोघांनी धरावं लागतं. संडासलासुद्धा मीच नेते." मग आवाज मऊ करून ती म्हणाली, "एवढ्यात सोडू नका त्यांना. जमलं तर वेळ वाढवा."

सभागृह हळहळले. परिचारिकेने चेंडू तोंडासमोर धरला. तपासनीसाची खुर्ची वाचली. अब्रूचे मात्र भर सभेत धिंडवडे निघाले.

पायऱ्या उतरताना तो पुटपुटला, "संडासाचं काढायची काय गरज होती?"

"मग काय, खरं सांगायचं होतं?" सून शांतपणे म्हणाली. "बाबा, तो एक तास तुम्हाला लागतो, तेवढाच मलाही लागतो. घरात कोणी नसतं तेव्हा."

समितीची माणसे अजून दारात उभी होती, म्हणून तिने त्याचा दंड घट्ट धरला, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत तो इमानाने लंगडला.