कर्जतच्या सभेत भिंतीवर दोन रेघा होत्या

दिवाळी आटोपली आणि सुमनचा, माझ्या लेकीचा, फोन आला. "आये, पैशे बंद करायचं चाललंय. गुरुवारी कर्जतात सभा हाय, अभ्यासवाले येनार. तू ये. आमाला त्यांच्यापुढं तोंड फुटत नाय." मी म्हटलं, येते. माझं तोंड फुटायला कधी मुहूर्त लागलेला नाही.

पैसे कसले ते आधी सांगते. शहरातली एक संस्था अर्थशास्त्राचा अभ्यास करते. गरिबाच्या हातात दर महिन्याला पैसे दिले तर त्याचं काय होतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी डोंगराखालच्या वाड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची निघाली त्या वाड्यांतल्या बायकांना पैसे, बाकीच्यांना नुसते प्रश्न. प्रश्न दोन्हीकडे सारखेच, म्हणे फरक मोजता येतो. सुमनची वरची वाडी, तिची चिठ्ठी निघाली. तिची नणंद यशी खालच्या वाडीत दिलेली, त्या वाडीची नाही निघाली. दोन्हींच्या मधे एक ओढा, बस.

त्या पैशावर सुमन दोन वर्षं वीटभट्टीला गेली नाही. नाहीतर दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड ट्रकात, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत भट्टीवर. त्यामुळे माझी नात पायल सलग शाळेत राहिली, नववीला पोचली. पैसे बंद म्हणजे ट्रक. मामला एवढाच होता.

बुधवारी निघाले. खालापुराहून चौक फाट्यापर्यंत टमटम, तिथून कर्जतच्या वाटेला दुसरी. तुम्हाला जायचं असेल तर पुढे बसू नका, ड्रायव्हर दोन्ही अंगाला माणसं घेतो आणि आपण अर्धा बाहेर लोंबतो. भाडं आधी ठरवा, पाठीला सॅक दिसली की ते वाढतं. रस्त्यानं जिकडंतिकडं फार्महाऊसच्या पाट्या. शांततेची नावं ठेवलीत आणि भिंतींवर काचा रोवल्यात. शेजारी ट्रेकला आलेली एक पोरगी होती. म्हणाली, "आजी, इकडे बघण्यासारखं काय आहे?"

"डोंगर हाय. मागल्या खेपेला बघितला तवा तिथंच होता."

ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

गाडी ओढ्यापर्यंतच जाते. पुढं चढ, दगड सुटे, चप्पल चांगली घाला. सुमननं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मग पिशवीत तांदूळ भरून पायलला म्हणाली, "आत्याकडं दिऊन ये."

मी विचारलं, "दर महिन्याला देतेस?"

"मंग? हितं भात शिजायचा आन पलीकडं चूल थंड, घास उतरंल का? समद्याच देतात. खालच्या वाडीत अर्ध्या बायका हिथल्याच लेकी हायत."

"अभ्यासवाल्यांना सांगितलंस?"

"ते इचारतात काय खाल्लं, काय इकत घेतलं. दिल्याचं काय बोलून दाखवायचं आसतं व्हय?"

सकाळी सभेला निघताना यशीला हाक मारायला गेले. तिच्या घरात काल पायलनं आणलेली पिशवी तेवढी भरलेली, बाकी डबे उपडे घातलेले. नवे डबे उपडे घालतात धूळ बसू नये म्हणून, तिचे जुनेच होते.

"यशे, भादव्यात वहिनीचा तांदूळ संपल्यावर काय खाल्लंत?"

"रानातलं कंद. कडू आसतात, दोन पान्यांत उकडावं लागतात."

"आणि त्या प्रश्नवाल्या पोरींना काय सांगितलंस?"

"पोटभर जेवलो म्हनून."

"का गं?"

"आवो मावशी, पोरी उन्हातनं चढून आल्या हुत्या. उपाशी हाय सांगितलं, तर मंग त्यांना चा कुठल्या तोंडानं पाजू?"

सभा एका हॉलमधे होती. दोन्ही वाड्यांची माणसं, यशीचे दीर, जावा, सासरे, सगळे बसलेले. अभ्यास करणारा सर बोलायला साधा, मराठी स्वच्छ. त्यानं भिंतीवर चित्र पाडलं. एक रेघ पैसे मिळालेल्या वाड्यांची, एक न मिळालेल्यांची. दोन्ही एकमेकींना चिकटून चाललेल्या. म्हणाला, खाण्यात फरक दिसत नाही, तेव्हा पुढं चालू ठेवा असं आम्हाला सांगता येणार नाही.

मी उठले. सुमन-यशीकडं बोट करून ओढ्यापलीकडं जाणारा तांदूळ सांगितला, कंद सांगितले, चहाचंही सांगितलं. तो चिडला नाही, शेवटपर्यंत ऐकलं.

"आजी, तुम्ही कुठल्या वाडीच्या?"

"खालापूरची."

"मग तुमचं मला धरता येणार नाही. पण या दोघींपैकी एकीनं म्हटलं, तर मी सगळं पुन्हा तपासायला लावतो. शब्द देतो."

त्यानं खुर्ची ओढली आणि यशीसमोर बसला. "ताई, पावसात कधी उपाशी राहिलात?"

यशीनं आधी सासऱ्याकडं बघितलं. "नाय."

"वहिनीकडून तांदूळ येतो?"

"आमच्या घरात आमचं हाय."

मग तो सुमनकडं वळला. "तुम्ही देता का?"

सुमननं पायलकडं बघितलं. मग यशीकडं. यशीची मान खाली होती.

"नाय. मी कशाला दिऊ?"

सरनं उठून खुर्ची जागेवर ठेवली.

बाहेर वडे घेतले. कर्जतला वडा चांगला मिळतो, लसणीची चटणी जास्त मागून घ्या, देतात. मी म्हटलं, "सुमे, एक शब्द बोलायचा होता."

"ती नाय म्हनल्यावर मी व्हय म्हनू? तिचं समदं सासर बसलं हुतं, आये."

"आणि पायल?"

तिनं आपला वडा कागदात गुंडाळला आणि यशीच्या हातात दिला.

पोरीला माझ्याकडं ठेव म्हटलं, तर म्हणाली, भट्टीवर तिच्या धाकट्या भावाला कोण सांभाळंल. तान्हं पोर मला आता झेपत नाही.

शनिवारी ट्रक आला. फाट्यावर थांबतो, लवकर जा नाहीतर मागल्या फळीपाशी जागा मिळते आणि धूळ सगळी तोंडात जाते. सुमनचं बिऱ्हाड आणि यशीचं बिऱ्हाड एकाच ट्रकात चढलं, कोंबड्या, पातेली, गोधड्या. आता दोन्ही वाड्यांत खरोखरच काही फरक नव्हता. पायलनं चढताना दप्तर माझ्याकडं दिलं. "भट्टीवर माती लागंल, आजी."

परतीला टमटममधे पुढची सीट मिळाली. बसले.

ही सहल कुणाला करा म्हणून सांगत नाही. रस्ता बरा आहे, खर्च फार नाही. माझ्याबरोबर काय आलं म्हणाल, तर एक दप्तर, आणि त्या सरचा राग येत नाही याचा राग.

कुलूप काढते न काढते तोच शेजारीण दारात. "आलात? लेक बरी हाय ना?"

"मजेत हाय," मी म्हटलं. "घरचा भात, पोरगी नववीला. बस, चहा टाकते."

दप्तर मी तोवर पाण्याच्या पिंपामागं सरकवलं होतं.