बॉयलरमध्ये राहिलेलं खुरपं

नार्सिस व्हालकूर अकरा वर्षं बॉयलरच्या पोटात शिरून मिसुरी नदीचा गाळ खरवडत आला होता. ही नदी म्हणजे पातळ चिखलच. वाफेची बोट थांबली की बॉयलर रिकामा करून कोणीतरी आत उतरायचं, नाहीतर तळाचा पत्रा जळून बॉयलर फुटायचा आणि सगळेच वर जायचे. नार्सिस काटकुळा, म्हणून हे काम त्याचं. पण गेल्या हिवाळ्यात सेंट लुईला त्याच्या बायकोनं, फिलोमेननं, डुकराचं मांस आणि मक्याची लापशी खाऊ घालून त्याला चांगलंच गुटगुटीत केलं. "अंगानं भरला बाई एकदाचा!" असं ती शेजारणींना सांगायची. तिला काय, बॉयलरमध्ये शिरायचं भोक थोडंच रुंदावणार होतं!

एप्रिलपासून तो अर्धपोटी राहत होता. सांगणार कोणाला? नदीचा नकाशा काढायला निघालेल्या साहेबांनी न मावणारा माणूस नदीकाठच्या पुढच्याच किल्ल्यावर उतरवून दिला असता.

त्या दुपारी तो आत गेला खरा, पण बाहेर येताना कमरेशी अडकला.

"बाळंत होतोयस की काय रे?" इंजिनवाला हिकमन ओरडला. "लवकर ये! नदीचं पाणी उतरतंय, बोट रुतायची, वर साहेब थयथयाट करतायत."

"हिकमन, विस्तव नाही ना घातलास? खरं सांग!"

"वेडा झालास?"

पत्रा अजून तापलेला होता. नार्सिसला श्वास पुरेना. हात मोकळा करायला त्यानं गाळ खरवडायचं खुरपं आत टाकून दिलं. हिकमननं आणि आणखी एका खलाशानं अस्वलाची चरबी चोपडून त्याला ओढलं, तेव्हा कमरेचं सालटं निघालं.

जमलेले सगळे हसले. हिकमन भट्टीत लाकडं रचू लागला. नार्सिसचं लक्ष आपल्या रिकाम्या हाताकडे गेलं. खुरप्याभोवती गाळ साचणार, तिथला पत्रा लाल होऊन फुटणार. उद्या नाहीतर आठवड्यानं. बोटीवर बत्तीस माणसं. खुरप्याचं कोणी काही विचारत नव्हतं, आणि पुन्हा आत जायची त्याला भयंकर भीती वाटत होती.

"पेटवू नकोस," तो म्हणाला. "खुरपं आत राहिलं."

हिकमननं त्याच्या रक्ताळलेल्या कमरेकडे पाहिलं. "आता अडकलास तर निघायचा नाहीस, राजा. आणि साहेब काही थांबायचे नाहीत."

"तू थांबशील ना?"

हिकमन भट्टीच्या दाराला पाठ लावून बसला. नार्सिसनं पोट आत ओढलं आणि भोकात डोकं घातलं.