नात्यातलं बिलिरुबिन

जेसल पार्कातल्या दाजी शिगवणांना माणूस भेटला की आधी त्याचं गाव लागायचं. नाव नंतर. गावावरून वाडी, वाडीवरून मामा-आत्या, आणि चहा संपायच्या आत समोरचा माणूस कुठून तरी यांचा पाहुणा निघालेला असायचा. स्वतः संगमेश्वराकडचे. गॅसचं कनेक्शन, मुलीचं अकरावीचं अॅडमिशन, सोसायटीचं पाणी, सगळी कामं त्यांनी अशीच करून घेतली. वशिला म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ते म्हणायचे, ओळख.

मग दाजी पिवळे पडले. शेजारच्या गुणवंतभाईंनी उसाचा रस सुचवला, हंसाबेननी पाली गावच्या कुठल्याशा बाईचा झाडपाला सुचवला, आणि बायकोने, विमलाबाईंनी, हळद-तेल बंद करून अख्ख्या घराला पथ्याचं जेवण घातलं. पिवळेपणा काही हटेना. शेवटी डॉक्टरांनी कागदावर यकृत काढलं, त्यातून निघणाऱ्या नळ्या काढल्या आणि एका नळीवर पेन टेकवलं. पित्तनलिकेचा कॅन्सर. दाजींना ते चित्र मोरीखालच्या पाइपांसारखं दिसलं, म्हणून त्यांनी प्लंबर कोण असं विचारलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

पित्ताला वाट म्हणून आत प्लॅस्टिकची बारीक नळी बसवली, पण गाठ कापण्याजोगी राहिली नव्हती. मुलगी निशिगंधा एकदा पोटभर रडली आणि मग मोबाइल घेऊन बसली. देशात कुठे कसल्या औषधांच्या ट्रायल चालल्यात, ते सरकारी वेबसाइटवर असतं म्हणे. तिने जागोजागी फोन लावले. कुणी उचलला नाही, कुणी भरती संपली म्हणून सांगितलं. अखेर मीरा रोडलाच एका इस्पितळात नेमकी याच कॅन्सरची ट्रायल निघाली. मी काय उंदीर आहे का, असं दाजींनी विचारून पाहिलं. उंदीर निदान बडबड तरी करत नाही, म्हणून विमलाबाईंनी त्यांना रिक्षात बसवलं.

ट्रायलचं काम बघणाऱ्या सुचेता मॅडमनी सगळं नीट समजावलं. नेहमीची किमो सगळ्यांनाच मिळणार. अर्ध्या लोकांना त्यावर नवीन औषधही मिळेल. कुणाला ते कॉम्प्युटर ठरवणार, त्यात डॉक्टरांचंही चालत नाही. नको वाटलं तर कधीही बाहेर पडा. दाजी मान डोलावत होते आणि मनात कॉम्प्युटरवाल्याचं गाव शोधत होते. पण गाडी आधीच अडली. आत घ्यायचं तर रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे तो पिवळेपणाचा आकडा, ठरलेल्या हद्दीच्या आत हवा. दाजींचा वर होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू, तेव्हाही वरच निघाला तर घेता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या.

दाजींची झोप उडाली. मुलीचं लग्न बघायचंय, गावचं घर शाकारायचंय, अशी कारणं ते लोकांना सांगत. खरं तर कारणबिरण काही नव्हतं. त्यांना नुसतं जगायचं होतं, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती.

दुसऱ्या वेळी रक्त घ्यायला जो आला, त्याचं नाव नाथा. गाव? देवरुखच्या अलीकडे. कापसाचा बोळा लागेपर्यंत नाथा दाजींच्या चुलत वहिनीचा सख्खा भाचा निघाला. दाजींना देव भेटल्यासारखं झालं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ते त्याच्या कानाशी लागले.

"नाथा, आकडा जरा खाली घे. घरचंच काम आहे."

नाथाने त्यांच्या हाताला हात लावला. अंग गरम होतं. थंडी वाजते का, असं त्याने विचारलं. वाजत होती, चांगली दात वाजवणारी, पण ट्रायलवाले नाही म्हणतील म्हणून दाजींनी घरातसुद्धा ताकास तूर लागू दिली नव्हती.

"दाजी, परके असता तर हसून सोडून दिलं असतं," नाथा म्हणाला. "आता तुम्ही आमचे निघालात."

आणि हा मेला सरळ डॉक्टरांकडे गेला. तेवढ्याने भागलं नाही, वर आत्याला, म्हणजे दाजींच्या त्या वहिनीलाही, फोन केला. आत्याने वाडीला सांगितलं, वाडीने विमलाबाईंना. संध्याकाळी विमलाबाईंनी दाजींची अशी बिनपाण्याने केली की गुणवंतभाईंनी टीव्ही बंद करून ऐकलं. खोटा आकडा लिहून घेऊन किमो सुरू झाली असती आणि काही बरंवाईट झालं असतं, तर मी कुणाच्या नावाने बोंब मारायची, हा त्यांचा मुद्दा होता.

आतली नळी तुंबली होती, वर जंतूही झाले होते. डॉक्टरांनी नळी बदलली. ताप गेला, आकडा आपणहून हद्दीत आला आणि दाजी कुणाच्याही ओळखीशिवाय ट्रायलमध्ये घुसले. आयुष्यातलं असं पहिलंच काम.

कॉम्प्युटरने त्यांना नेहमीच्या किमोच्या गटात टाकलं. नवीन औषध नाही. सुचेता मॅडमनी ते हळूच सांगितलं आणि विचारलं, राहायचं ना? दाजी टेबलावरचा कागद बघत बसले. निशिगंधा खिडकीबाहेर बघत राहिली. विमलाबाईंनी मात्र कोपराने ढोसलं, अहो, गप्प काय बसलात, मॅडमचं गाव विचारा.

दाजींनी मॅडमकडे बघितलं, मग दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नाथाकडे.

"नको," ते म्हणाले. "नात्यातली निघाली तर आहे तेही बंद करेल."

आणि बाही वर सारून त्यांनी हात नाथापुढे केला.