सुलक्षणाला वळखू येईना

शिरोली एमआयडीसीतल्या हंबीररावांच्या फौंड्रीत कॉम्प्युटरचं खातं म्हणजे अमरसिंह एकटाच. माऊस अडकला तरी तोच, सर्व्हर बसला तरी तोच.

गेल्या महिन्यात सर्व्हर नव्या एसी खोलीत हलवला. पूजा झाली, नारळ फुटला आणि हंबीररावांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, हुक्की आली. नाव ठेवायचा मान आत्याचा. मालकाच्या पोरांची नावं त्यांनीच ठेवलेली, मग सर्व्हरनं काय घोडं मारलंय? शिरोली-एकची सुलक्षणा झाली. अमरसिंहानं "व्हय आक्का" म्हणत दोन ठिकाणी नाव बदललं, तिसऱ्या ठिकाणी विसरला.

या एका सर्व्हरच्या पोटात पाच आभासी मशिनं, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचे पाच कॉम्प्युटर, चालतात. त्यांची रोज नक्कल काढून ठेवणारं बॅकअपचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि त्याला बारशाचं आवताणच नव्हतं. त्याच्या एका यादीत शिरोली-एक, दुसरीत सुलक्षणा. म्हणजे त्याच्या लेखी एक सर्व्हर बेपत्ता, दुसरा अनोळखी. आठवडाभर नुसती लाल अक्षरं, नक्कल एकही नाही. त्यात सर्व्हरची डिस्क कुरकुरायला लागली. ती गेली तर साच्यांची सगळी ड्रॉइंगं जाणार, आणि मागोमाग अमरसिंह.

सगळीकडं सुलक्षणा करावं, तर आधीच्या नकला जुन्या नावाला चिकटून मागं राहणार. सगळीकडं शिरोली-एक करणं सरळ. पण आक्कांना सांगणार कोण?

"तूच सांग," हंबीरराव म्हणाले. "मला त्याच घरात ऱ्हायचं हाय."

अमरसिंह गेला. "आक्का, सुलक्षणा नाव काढाय लागतंय."

"का? काय वंगाळ हाय त्यात?"

"वंगाळ न्हाय. नक्कल काढणाऱ्याला वळखू येईना झालंय."

आक्कांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझं कागदावरचं नाव काय रं?"

इतकी वर्षं इथला पगार खाऊन अमरसिंह डोकं खाजवायला लागला.

"म्हाइत न्हाय न्हवं? सरोजिनी. बँकेत सरोजिनी, आणि आक्का म्हणून हाक मारलीस की ओ देते. तुझ्या त्या येड्याला कागदावरचं नाव दे जा. आम्ही सुलक्षणाच म्हणणार."

अमरसिंह पळतच आला. सगळीकडं शिरोली-एक टाकलं, सॉफ्टवेअरला पुन्हा यादी वाचायला लावली. लाल अक्षरं गेली, एकामागं एक नकला निघाल्या. त्यातलं एक ड्रॉइंग उघडून बघितलं, मगच कुरकुरी डिस्क उपसून नवी बसवली.

दारात आक्का उभ्या. "बाळंतिणीगत घाम आलाय की रं तुला."

"आक्का, एसी चालू हाय."

"म्हणूनच म्हणलं."