परतीचा डबा

घर सोडून कृषी विद्यापीठात गेलो त्या दिवशी मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे वसतिगृहाच्या वॉचमनच्या पाया पडलो. खाकी कपडे, पांढऱ्या मिशा, हातात चाव्यांचा जुडगा; मला वाटलं हेच रेक्टर. त्या बिचाऱ्यानं डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला. मग खरे रेक्टर आले. ते टी-शर्टात होते, म्हणून मी त्यांना ट्रंकेचं एक टोक धरायला सांगितलं. त्यांनी धरलं. खोलीपर्यंत आणून दिलं, आणि खाली ठेवताना नाव तेवढं विचारून घेतलं.

राणीसावरगावहून परभणी म्हणजे काही विलायत नव्हे. गंगाखेडला दहा मिनिटं थांबून बस दोन-अडीच तासांत पोचवते. पण आमच्या घरातून शिकायला बाहेर पडणारा मीच पहिला, त्यामुळे निरोप असा झाला, की जणू मी सैन्यात भरती झालोय. आप्पांनी किराणा दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, जे त्यांनी स्वतःच्या तापातही कधी ठेवलं नव्हतं. मायनं माझ्या गळ्यातली चांदीची डबी चाचपून बघितली.

त्या डबीबद्दल सांगायला हवं. आम्ही लिंगायत, आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात अशा डबीत लिंग असतं. स्वामी येऊन लहानपणीच ते देतात आणि माणूस मातीत जातो तेव्हाही ते त्याच्या हातात असतं. मधल्या काळात ते उतरवून ठेवायची कुणाला मुभा नसते. रोज सकाळी आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म, पाणी, असेल तर बेलाचं पान, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. मायनं बससमोर एवढंच सांगितलं, की बाकी काय शिकायचं ते शीक, पण उपाशी पोटी पूजा आणि पूजेनंतर जेवण, यात मागंपुढं करू नकोस.

तिला स्वतःला मागंपुढं करून चालणार नव्हतं, ते वेगळ्या कारणानं. तिला साखरेचा आजार. सकाळी गोळी घ्यायची आणि अर्ध्या तासात जेवायचं, असं डॉक्टरनं मला बाजूला घेऊन बजावलं होतं. घरात सगळ्यात जास्त शिकलेला मीच, म्हणून ते मला सांगितलं. मी मान डोलावली होती.

वसतिगृहाच्या मेसमध्ये अंडी शिजतात हे मायला पहिल्याच आठवड्यात कळलं. कळलं कसं? मीच सांगितलं. बढाई मारताना. दुसऱ्या दिवसापासून बसनं डबा सुरू झाला. आमच्याकडं ही पद्धतच आहे. शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे सकाळच्या बसनं येतात, कंडक्टर ते सीटखाली रांगेनं लावतो आणि पोरं स्टँडवर जाऊन उचलतात. काल आलेला रिकामा डबा धुऊन, दुपारी तीच बस परत निघाली की तिच्यात टाकायचा. माझा डबा तीन कप्प्यांचा. खाली ज्वारीच्या भाकरी, मध्ये वरण नाहीतर भाजी, आणि वरच्या छोट्या कप्प्यात शेंगदाण्याची चटणी. पिशवीवर आप्पांनी मार्करनं माझं नाव एवढं मोठं लिहिलं होतं, की अख्ख्या स्टँडला मी ओळखीचा झालो.

खोलीत जोडीदार होता पूर्णेचा. वडील रेल्वेत. त्यानं नांदेड, औरंगाबाद, सिकंदराबाद असं सगळं फिरलेलं, आणि मी गंगाखेडच्या पलीकडं गेलो की बूट कुठं काढायचे ते विचारणारा. मी तळहातावर लिंग घेऊन बसलो की तो रेडिओ बारीक करायचा. मला "महाराज" म्हणायचा, पण त्यात कुजकटपणा नव्हता. कुजकट असता तर बरं झालं असतं, कदाचित मी वर्षभर हट्टानं पूजा केली असती.

दोन-तीन महिन्यांनी एका दुपारी प्रॅक्टिकल रद्द झालं आणि तो मला गेटबाहेरच्या गाड्यावर अंडा भुर्जी खायला चल म्हणाला. मी नाही म्हणालो. त्यानं आग्रह केला नाही. आग्रह न केल्यामुळं मी पाच मिनिटांनी स्वतःच उठलो. पण मी काही अगदीच सोडून दिलेला नव्हतो. गळ्यात लिंग असताना अंडं खाणं मला जमणार नव्हतं. म्हणून ते काढून ठेवायचं ठरवलं, आणि आता आली पंचाईत, ठेवायचं कुठं? टेबलावर जोडीदाराचे मोजे. ट्रंकेत शेतावर वापरायचे चिखलाचे बूट. खिडकीत दाढीचं सामान. खोलीत सोवळ्याची म्हणावी अशी एकच वस्तू होती. मायचा डबा. सकाळीच घासून पुसून ठेवलेला. मी डबी दोऱ्यासकट वरच्या कप्प्यात ठेवली, झाकण लावलं, हात जोडले, आणि भुर्जी खायला गेलो.

दोन प्लेट खाल्ल्या. खोटं कशाला बोलू, लय आवडली. जोडीदार एकच प्लेट खाऊन उठला, त्याला खोलीवर जाऊन मग स्टँडवर कुणाला तरी गाडीत बसवून द्यायचं होतं. मी तिसऱ्या प्लेटचा विचार करत बसलो.

खोलीवर येऊन मी आधी आंघोळ केली. अंडं खाल्लेल्या अंगाला लिंग लागू नये एवढी माझी श्रद्धा शिल्लक होती. ओल्या अंगानं डबा शोधायला लागलो. पलंगाखाली नाही. टेबलाखाली नाही. तेवढ्यात जोडीदार आला आणि उपकार केल्याच्या आनंदात म्हणाला, "महाराज, रोज तूच जातोस ना. आज तुझा डबा मी टाकला बसमध्ये."

मी टॉवेलवरच सायकल काढली नाही, एवढीच माझी अब्रू. स्टँडवर पोचलो तेव्हा बस गेलेली. पुढच्या बसनं मी मागं जायला हवं होतं, रडून भेकून कबूल करायला हवं होतं. मी काय केलं? स्टँडवर चहा प्यायलो आणि खोटं काय बोलायचं ते जुळवत बसलो.

संध्याकाळी मायचा फोन आला. आप्पा जवळ असावेत, ती अगदी हळू बोलत होती.

"वरच्या कप्प्यात काय आलंय, ठावं हाय का तुला?"

मी म्हणालो, आंघोळीच्या वेळी काढलं होतं, घाईत चुकून ठेवलं गेलं.

"डब्यात?" ती म्हणाली.

मी आंघोळीचंच पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, की आप्पांना सांगितलेलं नाही, उद्याच्या डब्यात पाठवते, गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा घोट घेऊ नकोस. मी बरं म्हणालो आणि मेसमध्ये जाऊन जेवलो. त्या दिवशी अंडा करी होती. गळा तसाही मोकळाच होता, असा माझा हिशोब. ती मात्र त्या रात्री जेवली नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी वरच्या कप्प्यात नवं पांढरं फडकं, त्यात लिंग, शेजारी भस्माचा खडा. चटणी नव्हती. लिंगाशेजारी तिखट ती कशी ठेवणार? मी आंघोळ केली, पूजा केली, फोन लावला. घातलं का, म्हणाली. घातलं म्हणालो.

"आता रोज पूजा झाली की मला सांगायचं. तू सांगितल्याबिगर मी घास घ्यायची न्हाई."

मी हसलो. असली वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तू पास झाला नाहीस तर मी विहीर जवळ करीन, असंही ती दर परीक्षेला म्हणायची. मी दोनदा गणितात नापास झालो होतो, आणि दोन्ही वेळा तिनं मला शिरा करून घातला होता.

आठ-दहा दिवस मी खरी पूजा केली. सहाला उठून, थंड पाण्यानं. मग थंडी वाढली आणि पूजा गोधडीत शिरली. सात वाजता डोळे मिटूनच फोन लावायचा आणि सांगायचं, झाली. पुढं सातचे आठ झाले, आठचे साडेनऊ. इकडं मी अंड्यावरून कोंबडीवर गेलो होतो. लिंग आता ट्रंकेत, त्याच पांढऱ्या फडक्यात, चिखलाच्या बुटांपासून वीतभर लांब.

"झाली का रं पूजा?"

"झाली."

"बरं."

आणि फोन बंद व्हायच्या आधी ताटाचा आवाज यायचा. फरशीवर ताट सरकवल्याचा. तो मी रोज ऐकत होतो, म्हणजे ती खरंच उपाशी थांबते हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पुढं एका रविवारी जोडीदारानं मला पूर्णेला त्याच्या घरी नेलं. त्याच्या आईनं मटण करायचं ठरवलं होतं. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. परभणी स्टेशन सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की फोन खोलीत चार्जिंगला राहिलाय. जोडीदारानं लगेच स्वतःचा पुढं केला. "घरी लाव महाराज, वाट बघत असतील." घरचा नंबर मला पाठ होता. पण अनोळखी नंबरावरून फोन गेला की माय दहा प्रश्न विचारणार, कुठं चाललास, कुणाकडं, काय खायला. मी म्हणालो, राहू दे, आल्यावर सांगतो.

मटण उत्तम झालं होतं. मी भाकरी किती खाल्ल्या ते सांगत नाही.

चारच्या सुमारास खोलीवर आलो. फोनच्या स्क्रीनवर मिस्ड कॉल मावत नव्हते. खालून वर वाचत गेलो. दहापासून मायचे, थोड्या थोड्या वेळानं. साडेबारापर्यंत मायचेच. मग एक तासभर कुणाचाच नाही. आणि त्यानंतर सगळे आप्पांचे. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की पकडलो गेलो. सबब जुळवतच मी फोन लावला.

आप्पा म्हणाले, "माय दवाखान्यात हाय, गंगाखेडला. ये."

ट्रंक उघडायला मी थांबलो नाही. दिवस मावळायच्या आत पोचलो. मायचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता, दुसऱ्या हाताला सलाईन. आप्पा स्टुलावर. त्यांनी सांगितलं ते असं, की सकाळी गोळी घेतली होती, दुपारी त्यांच्यासाठी भाकरी करायला बसली आणि साखर एकदम उतरली. भोवळ येऊन पुढं झुकली ती हात तव्यावर. पडलेल्या माणसाला हात उचलायची शुद्ध नसते. शेजारची काकू वास आला म्हणून आत आली.

"डॉक्टर इचारायलेत, गोळी घिऊन जेवल्या का न्हाईत म्हणून," आप्पा म्हणाले. "मला काय ठावं? मी दुकानात. आन् ही सांगंना. आता बी बिस्कीट पुढं केलं तर तोंड फिरवायलीय."

ती माझ्याकडं बघत होती. आप्पांना काही कळायचं नव्हतं आणि आम्हा दोघांना सगळं कळलेलं होतं. ओठ सुकलेले, आवाज अर्धा.

"झाली का रं पूजा?"

खरं बोलायला याहून चांगली वेळ माझ्या आयुष्यात आली नव्हती. अंग धुऊन पूजा करायला बाहेर नळ होता. पण लिंग परभणीत ट्रंकेत, आणि मी मटण जेवून तिच्या उशाशी उभा. न्हाई म्हणालो असतो तर ती खाणार नव्हती. असं मी स्वतःला नंतर सांगितलं. त्या क्षणी एवढा विचार केला नव्हता, सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"झाली."

तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं. घाईत शर्टाची वरची दोन बटणं उघडीच राहिली होती. दोरा नव्हता. पुरेसा वेळ बघितलं तिनं, आणि "बरं" म्हणाली. मग आप्पांनी चहात बुडवलेलं बिस्कीट पुढं केलं, तेव्हा तोंड उघडलं.

जखम भरली. दोन बोटं तळव्याकडं ओढली गेली ती मात्र तशीच राहिली. लिंग डाव्या तळहातावर घेतात, त्यामुळं तिची पूजा अडली नाही. अडली ती भाकरी. भाकरी थापायला उजवा तळवा सपाट पडावा लागतो. डबा बंद झाला. कंडक्टरनं एकदा स्टँडवर ओळखून विचारलं, काय मालक, मेस लावली का? मी हो म्हणालो. शेवटचा डबा परत पाठवायचा राहिला तो राहिलाच. ट्रंकेत आहे, घासून ठेवलेला. आप्पांना अजूनही वाटतं की ती त्या दिवशी कामाच्या नादात जेवायची विसरली.

आता मी सहाला उठतो. अलार्म लावावा लागत नाही. खरी आंघोळ, खरी पूजा, गळ्यात दोरा, बाहेरचं खाणं बंद. जोडीदार रेडिओ बारीक करतो आणि हल्ली महाराज म्हणत नाही. साडेसहाला फोन लावतो. "माय, पूजा..." एवढंच तोंडातून निघतं, आणि ती म्हणते, "जेवले रं मी. लवकरच जेवले आज." रोज हेच. डॉक्टरनं सांगितलंय म्हणून, असं ती म्हणते. मग अभ्यास, थंडी, आप्पांचा खोकला. पूजेचं ती विचारत नाही.

फोन ठेवायच्या आधी मी अजून कान देतो. ताटाचा आवाज येत नाही.